संक्रांतीला फिरणारी सून चैत्रात बसते तेव्हा

पत्र

मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहणारी ६३ वर्षांची गृहिणी आहे. यजमान महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. धाकटे दीर, मुलगा, सून आणि लग्नाची मुलगी धरून घरात आम्ही सहाजण. दिरांना लहानपणी पोलिओ झाला, पायाला कॅलिपर (आधाराची धातूची चौकट) असतो. १९८५ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पाहुणे आले की त्यांना माडीवर पाठवायची रीत होती, आणि गल्लीतली मुले त्यांना 'लंगड्या' म्हणूनच हाक मारीत. आज तेच भाऊजी एखाद्या कार्याला गेले की पहिली खुर्ची त्यांच्यासाठी सरकते.

सून ३१ वर्षांची असून एका खासगी शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्याने अंधूक दिसू लागले, पायांना मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस असे निदान झाले. औषध चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिला काही झाले आहे असे वाटणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने चाळीस बायकांना वाण दिले, जिना चारदा चढली-उतरली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मात्र अर्ध्या तासात आतल्या खोलीत कूलरपुढे जाऊन बसली, ती उठलीच नाही. डाळ आणि पन्हे मी नि मुलीने वाटले. जाताना एक जण म्हणाली, "संक्रांतीला तर भिंगरीसारखी फिरत होती, आता काम दिसले की आजारपण आठवते वाटते." मी गप्प राहिले. त्याच रात्री मीही सुनेला म्हणाले, "थोडा वेळ उभी राहिली असतीस तर काय बिघडले असते?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते.

मुलगा म्हणतो, सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे तोंडे बंद होतील. सून म्हणते, कोणालाही सांगायचे नाही. मोठ्या जाऊबाई म्हणतात, मुलीचे लग्न ठरेपर्यंत अवाक्षर काढू नका. मी काय करू? आणि खरे सांगते, तिचा आजार खरा आहे हे मला ठाऊक आहे, तरी कधी कधी माझ्याही मनात येते की आज हिला खरोखर जमत नाही, की नकोसे झाले आहे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सांगावे की सांगू नये, असा तुमचा प्रश्न आहे. पण पत्रातले शेवटचे वाक्य त्या प्रश्नाहून महत्त्वाचे आहे आणि ते तुम्ही लपवले नाहीत, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. तुमच्या मनातली शंका फिटल्याशिवाय बायकांना काय सांगायचे ते ठरवून फारसा उपयोग होणार नाही, कारण सासूच्या मनात काय आहे ते हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिच्या चेहऱ्यावरून बरोबर कळते.

मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उलटते आणि ते जागोजागी झिजते. झिजलेल्या जागेतूनही संदेश पुढे जातो, परंतु जेमतेम. आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले, तरी तो जेमतेम जाणारा संदेश अडखळतो. पाय जड होतात, नजर धूसर होते, हातातली वाटी धरवत नाही, आणि आपल्या रोजच्या दमण्याशी ज्याची तुलना होऊ शकत नाही असा थकवा अंगभर पसरतो. अंग थंड झाले की हे सारे बहुधा ओसरते. श्रमाने अंग तापले की अशा रुग्णांची नजर मंदावते आणि विसाव्याने परत येते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० साली नोंदवून ठेवले आहे. एमआरआय नव्हते त्या काळात हा आजार असल्याची शंका आली, तर डॉक्टर रुग्णाला कढत पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का ते पाहत असत. म्हणजे तुमच्या पाहुणीला जी गोष्ट लबाडीचा पुरावा वाटली, ती एके काळी डॉक्टरांना निदानाचा पुरावा वाटत असे.

आता तुमच्याच घरातले ते दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. संक्रांत जानेवारीतली, ग्वाल्हेरच्या बोचऱ्या थंडीतली. त्या दिवशी जिना चढून अंगात ऊब आली तर बरेच वाटते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू तुमच्याकडे एप्रिलच्या अखेरीस झाले असावे, असे मी धरून चालते, कारण आपल्या लष्कर भागात बहुतेक घरी ते अक्षय्यतृतीया तोंडावर आली की होते. त्या दिवसांत बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन असते, दुपारभर स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो, बैठकीच्या खोलीत पंचवीस-तीस बायका दाटीने बसलेल्या असतात, आणि घरच्या सुनेने जरीची साडी नेसलेली असते. या सगळ्यात ती अर्धा तास उभी राहिली, हे मला विशेष वाटते. एक सावधगिरी मात्र इथेच सांगून ठेवते. उष्णतेने वाढलेला त्रास विसाव्याने उतरतो. पण एखादे नवे लक्षण दिसले किंवा जुने लक्षण वाढून चोवीस तासांनंतरही तसेच राहिले, तर घरात कोणतेही कार्य असो, मेंदूविकार तज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे.

एवढे सांगूनही तुमची शंका थोडी उरेल, हे मला ठाऊक आहे. जमत नाही आणि नकोसे झाले आहे यांतली रेघ तुम्हाला दिसत नाही, आणि दर वेळी ती सुनेलाही दिसत असेल असे नाही. अंगात त्राण नसेल त्या दिवशी माणसाला कोणतेही काम नकोसेच होते. पण मला एक सांगा, गेल्या चाळीस वर्षांत भाऊजींनी एखाद्या कंटाळवाण्या बारशाला किंवा मुंजीला "आज पाय दुखतो आहे" म्हणून टाळलेच नसेल का? टाळले असेल, आणि त्या दिवशी पाय खरोखर किती दुखत होता याची चौकशी कोणी केली नसेल. कॅलिपर लावणाऱ्या माणसाला आपण न बोलता ही सूट देतो. सुनेने कधी काळी त्यातली थोडी घेतलीच, तर घेऊ द्या.

भाऊजींचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण तुमच्या पत्रातला सर्वांत बोलका भाग मला तोच वाटला. माडीवरून पहिल्या खुर्चीपर्यंतचा त्यांचा प्रवास झाला, हे खरे आणि चांगलेही. तो कशाने झाला, हे पाहिले म्हणजे सुनेच्या वाट्याला त्यातले काय आले नाही ते कळते. १९९५ सालच्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. पुष्कळ घरांत माडीवरचा माणूस पगार घेऊन खाली आला तो त्या जागांमुळे. भाऊजींच्या बाबतीत काय घडले ते तुम्ही लिहिलेले नाही. पण माणुसकी अचानक वाढली म्हणून सगळा मान मिळाला, असे समजण्याचा भोळेपणा मी करणार नाही. मिळवत्या माणसाला खुर्ची लवकर मिळते.

दुसरे कारण अधिक साधे आहे. भाऊजींचे अपंगत्व दिसते, आणि ऐकूही येते. कॅलिपरचा तो 'खट्' आवाज जिन्यावर आला की बसलेली माणसे बोलता बोलता पाय आखडून वाट करून देतात; त्यात विचार नसतो, सवय असते. आपल्या पिढीचे डोळे आणि कान पोलिओने तयार केले. कॅलिपर, कुबड्या, तीन चाकांची सायकल, आणि पुढे १९६८ साली तयार झालेले ते चाकाच्या खुर्चीचे चिन्ह, एवढ्या खुणांवर आपली ओळख बेतलेली आहे. आता पोलिओच राहिलेला नाही. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. भाऊजींच्या मागे तुमच्या गल्लीत पोलिओमुळे कॅलिपर लावणारे दुसरे मूल नसेल. कायद्याने मात्र २०१६ साली सातांची यादी एकवीसवर नेली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, स्वमग्नता, वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता, पार्किन्सन्स आणि तुमच्या सुनेचा मल्टिपल स्क्लेरोसिस हे सारे त्या यादीत आले. यांतल्या बऱ्याच जणांचा जिन्यावर आवाज होत नाही. कागदावरची यादी पुढे गेली आणि आपली नजर कॅलिपरपाशीच थांबली, असे मला वाटते.

शब्दांचेही असेच झाले. लंगडा, पांगळा हे शब्द चारचौघांत मागे पडले, 'अपंग' आणि 'विकलांग' आले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवल्यावर तो सरकारी कागदांवरही आला. या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना तो शब्द तेव्हाही रुचला नव्हता, आणि मलाही तो थोडा जड वाटतो, कारण ज्याला बसायला स्टूल हवे आहे त्याला आपण दिव्यत्व देऊन मोकळे होतो. आपल्या ग्वाल्हेरची प्राची यादव हिने २०२३ साली चीनमधील हांगझोऊच्या आशियाई पॅरा (अपंग खेळाडूंच्या) क्रीडास्पर्धांत कनूइंगमध्ये, म्हणजे होडी वल्हवण्याच्या शर्यतीत, सुवर्णपदक मिळवले, तेव्हा गावाला अभिमान वाटला, तो वाटायलाच हवा होता. पॅरा खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रही आपल्याच गावात उभे आहे. पण या सगळ्यातून आपल्या मनात दोनच कप्पे तयार झाले, एक कीव करण्याचा आणि एक टाळ्या वाजवण्याचा. तुमची सून यांपैकी कोणत्याही कप्प्यात बसत नाही. ती सकाळी शाळेत शिकवते, संक्रांतीला वाण वाटते आणि चैत्रात कूलरपुढे बसते. अशा माणसासाठी आपल्याकडे शब्द तयार नसतो, म्हणून 'आळशी' हा जुना शब्द हाताशी येतो.

हे मी बाहेरून लिहीत नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कायद्याची व्याख्या दोन्ही कानांच्या श्रवणदोषाची आहे, त्यामुळे त्या हिशेबात मी कुठेच मोडत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण मंगल कार्यालयात पंगतीला बसले असता डावीकडच्या बाईने दोनदा काही विचारले आणि मी उत्तर दिले नाही, तर तिच्या लेखी मी शिष्ट ठरते. पूर्वी मी प्रत्येकीला कान दाखवून खुलासा करीत असे. "बघून तर वाटत नाही," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले की आता खुलासा करण्याऐवजी मी सरळ भिंतीच्या कडेची डावी जागा पकडते, म्हणजे सगळी माणसे उजव्या कानाकडे येतात. 'बघून तर वाटत नाही' हे म्हणणाऱ्याला कौतुक वाटते. ऐकणाऱ्याला मात्र ती उलटतपासणी वाटते. सून कोणाला सांगू नका म्हणते, त्यामागे हीच उलटतपासणी टाळण्याची इच्छा असावी. एकदा नाव फुटले की कोणाच्या मावसबहिणीला काय झाले होते, कोणत्या बाबांच्या काढ्याने ती कशी बरी झाली, आणि 'मूलबाळ होईल ना गं?' इथपर्यंतची मिरवणूक तिला रोज सोसावी लागेल.

म्हणून सांगायचे की नाही, हे तिचेच ठरवणे आहे. मुलाचे म्हणणे मायेतून आलेले आहे, पण आजार त्याचा नाही. आणि सांगितल्याने तोंडे बंद होतील हा त्याचा अंदाजही मला पटत नाही, कारण तोंडे तीच राहतील, फक्त विषय बदलेल. पण ती 'नाही' म्हणते म्हणून तुम्ही गप्पच बसावे, असेही नाही. त्या दिवशी तुमच्या गप्प राहण्यातून पाहुणीने होकार घेतला आणि सुनेनेही तोच घेतला. आजाराचे नाव न घेता बोलता येईल असे एक वाक्य आहे, आणि ते तुमच्याइतके दुसऱ्या कोणाच्याही तोंडी शोभणार नाही: "तिला उष्णता सोसत नाही, मीच तिला आत बसायला सांगितले आहे." यातल्या 'मीच'वर जोर द्या. आपल्या घरांत बसलेल्या सुनेवर बोट ठेवायला सगळ्या मोकळ्या असतात. सासूने बसवलेल्या सुनेबद्दल त्याच घरात, त्याच सासूपुढे, पन्ह्याचा पेला हातात धरून कोणी बोलत नाही. मात्र हे वाक्य आधी सुनेला ऐकवा. 'उष्णता सोसत नाही' एवढेही तिला सांगायचे नसेल, तर उत्तरार्ध तेवढा ठेवा.

जाऊबाईंच्या भीतीविषयी थोडक्यात लिहिते. या आजाराचा काही अंशी कौटुंबिक कल असतो, पण तो रक्ताच्या नात्यात. वहिनीचा आजार नणंदेला लागण्याची कोणतीही वाट नाही, आणि एवढी साधी गोष्ट ज्या घराला समजावूनही समजणार नाही, त्या घरी मुलगी द्यायची का, याचा विचार तुम्ही आणि मुलीने जरूर करावा. स्थळाकडच्यांनी आपण होऊन विचारले तर खोटे बोलू नका. मात्र उत्तर किती द्यायचे, हे सुनेशी आधी बोलून ठेवा. त्यांनी विचारले नाही, तर सुनेची प्रकृती हा मुलीच्या बायोडेटाचा भाग नाही.

शाळेची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे सांगण्याचा काही उपयोग होऊ शकतो. एप्रिलमधला शेवटचा तास वरच्या मजल्यावर असणे आणि पहिला तास तळमजल्यावर असणे, यांत तिच्यासाठी पूर्ण दिवसाचा फरक पडेल. २०१६ च्या कायद्यानुसार खासगी संस्थांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, आणि जिथे वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत तिथे कोणत्या सोयी दिल्या जातील आणि हा विषय कोणता अधिकारी पाहील, तेही त्या धोरणात असावे लागते. मुख्याध्यापकांपाशी जाताना कायद्याचे पुस्तक उघडून जायची गरज नाही, पण आपण उपकार मागायला आलेलो नाही एवढे तिला ठाऊक असावे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा की नाही, हेही तिनेच ठरवावे. बहुतेक सवलती आणि आरक्षण चाळीस टक्के अपंगत्वापासून पुढे लागू होतात, आणि जानेवारीत चांगला नि मेमध्ये वाईट असणारा आजार टक्क्यांत बसवणे वैद्यकीय मंडळालाही सोपे नसते. म्हणून तिने अर्ज केलाच तर जुने अहवाल, एमआरआय आणि आजवर आजार उफाळून आल्याच्या तारखा सोबत न्याव्यात. पण टक्के कमी आले तर 'बघा, फार काही नाही' असे घरात कोणी म्हणू नये, आणि कार्ड आले म्हणून तुमच्या हळदीकुंकवातल्या बायकांना ते दाखवूही नये. घरात बसायला प्रमाणपत्र कशाला लागते?

राहिले त्या रात्रीचे वाक्य. याला उपाय एकच आहे आणि तो तुम्हाला ठाऊकही आहे, तुम्ही फक्त मुहूर्त शोधत आहात. जेवणाच्या ताटावर नको, मुलासमोर नको. दुपारी ती शाळेतून आली, हातपाय धुऊन बसली की थंड पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "त्या रात्री मी चुकले." त्यापुढे 'पण' नको. बायका काय म्हणाल्या, तुम्हाला किती लाजल्यासारखे झाले, हे सगळे खरे असले तरी त्या दिवशी नको. ती लगेच हसून बोलू लागेल अशी अपेक्षाही ठेवू नका. तीन वर्षे बाहेरच्यांची नजर सोसणाऱ्या मुलीला घरातले वाक्य अधिक खोल लागते, आणि ते निघायला वेळ लागतो.

त्यानंतरची चूक बहुतेक घरांत उलट्या दिशेने होते, म्हणून तेही सांगते. माफी मागितली की आपण माणसाला जपायला लागतो, आणि मग संक्रांतीलाही "तू बस, तू बस" म्हणत तिच्या हातातले तबक काढून घेतो. तसे करू नका. थंडीत तिला चाळीस बायकांना वाण द्यायचे असेल तर देऊ द्या, जिना चारदा चढायचा असेल तर चढू द्या. त्याचा हिशेब पुढे चैत्रात तिच्यापुढे मांडायचा नाही, एवढेच पाळा. रोज सकाळी "आज कसे वाटते आहे?" विचारणेही तिला ओझे होईल. त्यापेक्षा ओट्यापाशी एक उंच स्टूल कायमचे ठेवा आणि अधूनमधून स्वतःही त्यावर बसा, म्हणजे ते 'तिचे' स्टूल होणार नाही. भाऊजींनाही यात घ्या. पाहुणे आले असता माडीवर बसण्याचा अनुभव त्यांच्याइतका त्या घरात कोणालाच नाही, आणि आतल्या खोलीत एकट्या बसलेल्या सुनेशी काय बोलावे, किंवा काहीच न बोलता कसे बसावे, हे कदाचित त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले कळेल. कदाचित कळणारही नाही. एकाचे अपंगत्व दुसऱ्याला आपोआप उमगते असे नाही, आणि "मी तर एवढा पाय ओढत चाळीस वर्षे काढली," असेही ते म्हणू शकतात. म्हणाले तर ऐकून घ्या. माडीवरच्या त्या वर्षांबद्दल त्यांना आजवर कोणी विचारले आहे का?

पुढच्या वर्षीच्या हळदीकुंकवाबद्दल एक सुचवते. चैत्रगौर महिनाभर बसलेली असते, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत, आणि या महिन्यातला कोणताही दिवस चालतो. तुम्ही पहिलाच आठवडा धरा. तेव्हा ग्वाल्हेरची संध्याकाळ अखेरच्या आठवड्यापेक्षा सोसण्यासारखी असते. कूलर आतल्या खोलीतून बैठकीत आणा, सतरंजीऐवजी भिंतीला लावून खुर्च्या मांडा. तुमच्या वयाच्या निम्म्या बायका गुडघ्यांमुळे मनातून तुम्हाला दुवा देतील आणि बसलेली सून त्यांत वेगळी दिसणार नाही. हरभऱ्याची डाळ सकाळी सातच्या आत वाटून होऊ द्या, ते काम तिला बसून करता येईल. तिने सुती साडी नेसली तर कोणी काही म्हणू नये, म्हणून तुम्हीही सुतीच नेसा. चैत्राच्या सुरुवातीला बाजारात कैरी लहान असते आणि महागही, तेव्हा डाळीला नेहमीपेक्षा दोन जास्त लागतील.